डेडस्टॉकमधली झाकणं

आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या दारांचं एक करडं कपाट आहे. त्या कपाटात साडेतीन महिने बाटल्यांची झाकणं कुलपात होती. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्यांची, लोक रस्त्याकडेला टाकून देतात ती. त्यांना कुलूप लागलं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर राग काढणार आहे आणि त्यातून मी स्वतःला वगळलं असं कोणाला वाटायला नको.

मी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. एकवीस वर्षं झाली. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती, एवढंच काम. वर्षाअखेरीच्या मोजणीत माझ्या रॅकवर एका वायसरचाही फरक निघत नाही. घरीही मी तसाच आहे. गॅसची टाकी लावली की तिच्यावर खडूनं तारीख टाकतो. बायको भीमेपलीकडची, वरवंडची. तिथं मोकळंढाकळं घर असतं. ती म्हणते, ह्या घरात चमचासुद्धा विचारून पडतो.

आमची धाकटी मुलगी तिसरीत आहे. गेल्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा तिला वजाबाकी येत नव्हती. साधी येत होती. हातच्याची आली की अडायची. बावन्नातून सत्तावीस वजा कर म्हटलं की ती पस्तीस लिहायची. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली काही नाही, मोठ्यातून लहान काढायचं आणि मोकळं व्हायचं. मी तिला शिकवायला बसलो. पंचवीस दिवस शिकवलं. आकडा नक्की आहे, कारण वहीच्या कोपऱ्यात मी रोज तारीख टाकत होतो. रोज दहा गणितं. एकाही दिवशी दोनापेक्षा जास्त बरोबर आली नाहीत.

संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून आलेला माणूस किती धीरानं शिकवणार, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझा आवाज पहिल्या पाच मिनिटांतच चढायचा. दशकाच्या घरातून एक घ्यायचा, इकडे दहा होतात, हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन. दरवेळी जरा मोठ्यानं. एकदा तिची पेन्सिल माझ्या हातात मोडली. मग माझ्या लक्षात आलं की ती वहीकडे बघतच नाही. लिहायला लागली की डोळे वर करून माझ्याकडे बघते आणि माझ्या भुवया हलल्या की आकडा खोडते. उत्तर ती कागदावर नाही, माझ्या कपाळावर शोधत होती. त्यानंतर मी शिकवणं बंद केलं. तिला गणिताची भीती बसली होती आणि ती मी बसवली होती.

जुलैत शाळेत पालकसभा झाली. तिसरी आणि चौथी एकाच वर्गात बसतात, मिळून तेवीस मुलं. त्यांच्या बाई शिरूरच्या. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि घरात पुस्तकं सोडून काही जमवलं नाही असं त्या हसून सांगतात. बाईंनी पालकांकडे दोन गोष्टी मागितल्या. वापरलेल्या बाटल्यांची झाकणं आणि जुन्या लग्नपत्रिका. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बाई, बाटल्या रिकाम्या करायला आमची काय बी ना न्हाई. सगळे हसले. मीही हसलो. मनात मात्र म्हणालो, पगार घेऊन कचरा मागतात.

तरी मी गेलो, कारण मागितलेली वस्तू पुरवायची मला सवय आहे. माझ्या मेव्हण्याचं वरवंडला सोलापूर रस्त्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. त्याला सांगून ठेवलं. पंधरा दिवसांनी गेलो तर त्यानं सिमेंटच्या पोत्यात झाकणं भरून ठेवली होती आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "दाजी, कारखाना सोडून भंगारात उतरला का काय?" मी पोतं गाडीला बांधलं. पोत्यातून सांडलेल्या चहाचा वास येत होता. घरी बायकोनं ती झाकणं दोनदा धुतली आणि गच्चीवर वाळत घातली.

बाईंनी दाभण तापवून एकेका झाकणाला भोक पाडलं. दहा झाकणं सुतळीत ओवली की एक माळ. सुतळीला सुरगाठ, म्हणजे टोक ओढलं की माळ सुटते. माळ म्हणजे दशक, सुटं झाकण म्हणजे एकक. मुलांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला एक पिशवी. लग्नपत्रिकांचे शब्द कापून पट्ट्या केल्या. आमच्याकडे वैशाखात घराघरात पत्रिकांचा ढीग पडतो. 'श्री', 'प्रसन्न', 'आग्रहाचे', 'निमंत्रण', 'मुहूर्त', सगळी जोडाक्षरं त्यात आयती छापलेली असतात. पुस्तकात अडखळणारी चौथीची मुलं आपल्याच मामाच्या लग्नाची पत्रिका घडाघडा वाचायची.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, त्यामुळे सह्या करायला गुरुवारी शाळेत जातो. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी वर्गाच्या दारात उभा होतो. मुलं गटागटानं फरशीवर बसली होती. माझ्या मुलीसमोर पाच माळा आणि दोन सुटी झाकणं. तिला सत्तावीस काढून द्यायची होती. तिनं दोन सुटी झाकणं उचलली, पुढे हात थांबला. तिनं वर बघितलं, सवयीनं, चेहरा शोधायला. बाई तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या गटात बसल्या होत्या आणि मी दाराच्या आड सरकलो. बघायला कोणी नाही म्हटल्यावर तिनं परत माळांकडे बघितलं. मग एका माळेचं टोक ओढलं. झाकणं फरशीवर सांडली, दोन-तीन घरंगळत गेली. ती गोळा करता करता ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली,

"म्हंजी ह्ये दहाच व्हते व्हय."

मी पंचवीस दिवस जे ओरडून सांगितलं ते हेच होतं. सप्टेंबरमध्ये बाईंनी दहा गणितांची चाचणी घेतली. तिला आठ आली. ती चाचणीची वही मी जपून ठेवली आहे.

आता रागाची गोष्ट सुरू होते.

दिवाळीच्या सुमाराला आसपासच्या शाळांचं शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. अट एकच होती: साहित्य कमी खर्चाचं, घरातल्या रोजच्या वस्तूंतून केलेलं असावं. मी रजा टाकून गेलो. पहिल्या टेबलावर थर्मोकोलचा किल्ला होता, तलावासह. तळाला दौंडच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. दुसऱ्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा दशमान तक्ता होता. काड्या कोऱ्या. आइस्क्रीम त्यांना कधी शिवलंच नव्हतं, पाकिटातून आणल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी झाकणंच होती, आमच्यासारखी, पण चकचकीत आणि सगळी एका रंगाची. तिथले एक पालक मोकळ्या मनानं बोलले. उष्टी झाकणं प्रदर्शनात बरी दिसणार नाहीत म्हणून त्यांनी पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी आणली, आणि चोवीस बाटल्या शाळेच्या लिंबाच्या झाडाला ओतल्या. हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. उन्हाळ्यात त्यांच्याच वस्तीवर टँकर येतो, हे मला माहीत होतं.

मी किल्ल्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला विचारलं, मुलांनी हे कितींदा हाताळलं. तो म्हणाला, "हाताळलं तर मोडंल ना." त्याला माझा प्रश्नच विचित्र वाटला.

आमच्या बाईंच्या झाकणांवर चावल्याच्या खुणा होत्या. सुतळ्या मळून काळ्या पडल्या होत्या. तालुक्याहून आलेले साहेब आमच्या टेबलापाशी थांबले, एक माळ सोडून बघितली, आणि त्यांना ती खरंच आवडली. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांनी फोटो काढले. मग मुख्याध्यापकांना विचारलं, याची नोंद आहे का. नोंद नव्हती. साहेब म्हणाले, नोंद ठेवा, चांगलं साहित्य जतन झालं पाहिजे. बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांना ते वाक्य दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल.

आमच्या मुख्याध्यापकांना मात्र ते विसरता येईना. माणूस वाईट नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. आधीच्या शाळेत पोषण आहाराचा वजनकाटा हरवला होता, तेव्हा दीड वर्ष त्यांची चौकशी चालली. तेव्हापासून शाळेतली खुर्ची जरी हलवली तरी त्यांची नजर रजिस्टरकडे जाते. प्रदर्शनाहून परतताना ते मला म्हणाले, तुम्ही स्टोअरमधले, जरा नोंद नीट लावून द्याल का.

मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे करतो त्याला शाळेत कोणीतरी किंमत दिली. पुढच्या गुरुवारी मी सकाळी नऊला व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. सहा पिशव्या, प्रत्येकी पंधरा माळा आणि चाळीस सुटी झाकणं. कमी-जास्त होती ती सारखी करून घेतली. दोनदा मोजलं. मग शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. टेबलं, खुर्च्या, घंटा, तराजू, टिकणाऱ्या सगळ्या वस्तूंची त्यात कायमची नोंद असते. घंटेच्या खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'बाटल्यांची झाकणे, प्लॅस्टिक, रंगीत, नग ११४०. शब्दपट्ट्या, लग्नपत्रिकांच्या, नग ३१२.' खाली सही केली. बाई वर्गातून बाहेर आल्या, पानाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढं कशाला केलंत. ही हरवायची वस्तू आहे."

मी हसून म्हणालो, हरवू नये म्हणूनच तर.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी सहाही पिशव्या कपाटात ठेवल्या. शनिवारी परिपाठाला मुलांना सांगितलं की ते साहित्य आता सरकारचं आहे, मोजलेलं आहे, परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाईंना पिशव्या मिळत होत्या, नाही असं नाही. सही करून न्यायच्या आणि तास संपायच्या आत मोजून परत करायच्या. एका पिशवीत एकशे नव्वद झाकणं. तेवीस मुलांच्या वर्गात सहा पिशव्या मोजून द्यायच्या म्हणजे तास मोजण्यातच जायचा. बाईंनी चार वेळा एकेकच पिशवी नेऊन बघितलं, सहावीची पाळी आलीच नाही. मग त्यांनी फळ्यावर माळांची चित्रं काढायला सुरुवात केली. फळ्यावरची माळ सुटत नाही.

कपाटाचा फोटो मात्र दर महिन्याला शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायचा. काचेमागे रंगीत पिशव्या. त्यावर अंगठे यायचे.

हे मला महिनोन्‌महिने कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. वस्तू रॅकवर आहे म्हटलं की माझ्यासारख्या माणसाचं काम संपतं. जानेवारीत मुलीनं चाचणीची वही आणली. दहापैकी तीन. पहिलंच गणित त्र्याहत्तरातून अठ्ठेचाळीस. उत्तर पस्तीस. मोठ्यातून लहान, परत तेच. मी तिला विचारलं, येत होतं ते विसरलीस कशी. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला काय इचारता. शाळंत जाऊन बगा, तुमी काय करून ठिवलंय ते." तिला शेजारणीकडून सगळं कळलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं मला माहीत असेल.

मी गुरुवारी गेलो तो भांडायच्या तयारीनंच गेलो. मुख्याध्यापकांना म्हणालो, कचऱ्यातून आणलेल्या वस्तूला कुलूप लावणारी शाळा मी पहिल्यांदा बघतोय. त्यांनी ऐकून घेतलं. मग रजिस्टर काढलं, ते पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं.

"हे अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर माझंच होतं.

"मी नाही लिहिलं हे. लिहिलं नसतं तर मीही दुर्लक्ष केलं असतं. आता एक जरी कमी भरलं तर ते मला भरून द्यायचंय. आणि काढून टाकायचं म्हटलं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर जाणार, मंजूर होऊन येणार. झाकणांसाठी मी प्रस्ताव पाठवू? वरचे मला वेड्यात काढतील."

मला राग आला, आणि जास्त राग ह्याचा आला की तो माणूस जे बोलत होता ते सगळं मला समजत होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. कारखान्यात मी रोज हेच करतो. फरक एवढाच की वायसर शिकण्यासाठी नसतो.

फेब्रुवारीत समितीची बैठक ठेवायला लावली. सात सदस्य, त्यातले पाच आले. अध्यक्ष म्हणून एक आबा आहेत, सत्तरीचे, नातवंडं ह्याच शाळेत. मी मागणी ठेवली की कपाट उघडावं आणि साहित्य वर्गात कायमचं द्यावं. मुख्याध्यापक म्हणाले, उघडतो, पण आधी मोजणी, समितीसमोर. आबा म्हणाले, "मोजा बाबा. तिकडं इनामगावात हजारो वर्सांची खापरं निघाली म्हणत्यात. तुमचं कुलूप असंच ऱ्हायलं तर पुढं कवातरी हितं झाकणं निघत्याल, आन् लोक म्हनतील, ह्ये लोक झाकणांची पूजा करीत व्हते."

सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले. सतरंजी टाकली आणि मोजायला अर्थातच मी बसलो. पाच पिशव्या बरोबर भरल्या. सहावीत चौदा माळा निघाल्या. मी ती पिशवी तीनदा मोजली. अकराशे तीस. दहा कमी.

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते म्हणाले, कुलपात असताना कमी कशी होतील, किल्ली माझ्याकडे होती. वजनकाट्याचे दिवस त्यांना आठवत असणार. आणि मी, जो कुलूप उघडायला आलो होतो, माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. माझी मोजणी चुकलेली नव्हती. माझी मोजणी चुकत नाही. मी उभा राहिलो आणि चढ्या आवाजात म्हणालो, ज्यानं कोणी घेतली असेल त्यानं मुकाट्यानं आणून द्यावी, मी दोनदा मोजून ठेवलं होतं, ही चोरी आहे. हे शब्द मी बाटल्यांच्या झाकणांबद्दल बोललो, गावच्या शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाची खिडकी उघडी असताना.

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आत मुलं आहेत."

दुपारी मुलगी घरी आली ती जेवलीच नाही. ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसली. बायकोनं बोलावलं, आली नाही. मग बायकोच कणगीमागे गेली आणि बराच वेळ दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं बायको तिला घेऊन बाहेर आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ती तिनं माझ्यासमोर टेबलावर ठेवली. उघडली तर आत माळ. तीन निळी, सहा पांढरी, एक नारिंगी.

ती मुलीनं शुक्रवारी घेतली होती, कपाटात जायच्या आधी. तिच्या गटाची पिशवी होती. तिला वाटलं, झाकणं गेली तर आपली वजाबाकी जाईल. म्हणून एक माळ कंपासच्या पिशवीत टाकली. शनिवारी परिपाठाला कळलं की ती मोजलेली आहे. मोजली कोणी, हे तिला माहीत होतं. मग तिनं ती कणगीमागे लपवली.

मी गाठ बघितली. बाईंची सुरगाठ जशीच्या तशी होती, टोकावर मळ बसलेला. साडेतीन महिन्यांत तिनं ती एकदाही सोडली नव्हती. घरात माळ होती, वजाबाकी येत नव्हती, आणि ती रोज कणगीशेजारून दप्तर घेऊन शाळेत जात होती. सोडली तर एखादं झाकण हरवेल, हरवलं तर मोजणीत कळेल. शाळेनं जे कपाटात केलं तेच तिनं घरी केलं होतं, आणि दोन्हीकडची किल्ली माझी होती.

बायको म्हणाली, "आता तिला चोर म्हना."

मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तिनं डोळे मिटले. मी तिला कधी मारलेलं नाही. तरी तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मी न कळवता कामावर दांडी मारली. सकाळी शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांकडे रजिस्टर मागितलं. सांगितलं की दहा नग माझ्या घरी आहेत आणि ते मी परत आणलेले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सर्व नग तिसरी-चौथीच्या वर्गास वापरण्यास दिले. हरवतील व फुटतील. पुन्हा मोजू नयेत. कमी भरल्यास जबाबदारी माझी.' खाली सही, तारीख, कारखान्यातल्या ओळखपत्राचा नंबरसुद्धा. मुख्याध्यापक बघत राहिले.

"तुम्हाला असं लिहायचा अधिकार नाही."

"नोंद लावायचा तरी कुठं होता?"

त्यांनी पान दोनदा वाचलं. 'जबाबदारी माझी' ह्या शब्दांवर बोट ठेवलं. मग किल्ली टेबलावर सरकवली. त्यांना हवं होतं ते एवढंच, दुसऱ्या कोणाचं तरी नाव. ह्याचाही मला राग आला, पण किल्ली मी घेतली. पिशव्या मी स्वतः वर्गात नेऊन ठेवल्या. बाईंनी त्या उलट्या करून भिंतीशी एका घमेल्यात ओतल्या, सगळ्या एकत्र. गटवारी गेली, रंगवारी गेली. मला बघवेना, पण मी बघितलं.

आज वर्गात किती झाकणं उरली आहेत मला माहीत नाही. मुलांच्या खिशातून ती गावभर झाली आहेत. परवा एक निळं पाराजवळच्या मातीत दिसलं, भोक पाडलेलं. उचलायला वाकलो आणि तसाच उभा राहिलो.

मुलीची वजाबाकी परत येते आहे, हळूहळू. भीती तेवढ्या वेगानं जात नाही. रजिस्टरात शेरा लिहिला त्या संध्याकाळी मी तिला माळ परत दिली. म्हणालो, ही तुझी. ती फरशीवर बसली. दोन सुटी झाकणं तिनं आईकडून मागून घेतली, घरातल्याच बाटल्यांची. बारातून सात काढायचे होते. माळेचं टोक बोटात धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सोडू?"

मी हो म्हणालो. तरी ती थांबली. तेव्हा मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळानं झाकणं फरशीवर सांडली. एक घरंगळत गेलं आणि कपाटाखाली जाऊन थांबलं, ते मी कानानं ऐकलं. ते आणायला ती उठली नाही. मी काय म्हणतो ह्याची ती वाट बघत होती.

"राहू दे," मी भिंतीला म्हणालो. "तिथंच राहू दे."